अमेरिकेतून श्टुटगार्टला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्म पुण्याचा, चौदा वर्षं न्यू जर्सीत, पासपोर्ट अमेरिकेचा, आणि गेली चार वर्षं मुक्काम जर्मनीतल्या श्टुटगार्टला. नवऱ्याची नोकरी इकडे आली म्हणून मी आणि मुलगीही आलो. तेव्हापासून एडिसन, डॅलस, सॅन होजेहून ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात. "आम्हीही निघतोय, जरा सांग ना" अशी सुरुवात होते आणि पुढचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

तिथे अमेरिकन माणसं भेटतात का?

भेटतात. अमेरिकेच्या सैन्याचं युरोपचं मुख्यालय याच शहरात, फायहिंगेन भागात आहे. आफ्रिकेसाठीचं मुख्यालय म्योहरिंगेनला आहे. पण त्यांची दुकानं वेगळी, शाळा वेगळ्या, व्यवहारही डॉलरमध्ये. आपण त्या कुंपणाबाहेरचे अमेरिकन. मराठी माणसांचा तोटा नाही. गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या इथल्या कंपन्यांचे कारखाने चाकणला आणि नाशिकला आहेत, त्यामुळे येणं-जाणं जुनंच. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968पासून भगिनी-शहरं आहेत.

व्हिसा आधी काढायचा की तिथे पोचल्यावर?

ते पासपोर्टवर ठरतं, ग्रीन कार्डवर नाही. इथेच बरेच जण फसतात. अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर व्हिसाशिवाय येऊन 90 दिवसांच्या आत इथेच निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. नवरा किंवा बायको भारतीय पासपोर्टवर असेल, तर ग्रीन कार्ड असलं तरी जर्मन वकिलातीतून व्हिसा घेऊनच विमानात बसायचं. आमच्याकडे तसंच झालं. मी आणि मुलगी नुसत्या बॅगा उचलून आलो असतो तरी चाललं असतं. नवऱ्याला मात्र न्यूयॉर्कला जाऊन फाइल द्यावी लागली.

ग्रीन कार्ड टिकवायचं असेल तर अमेरिका सोडण्याआधी पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करा. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. एकदा निघून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिक-सेवा कार्यालयात जाऊन "आम्ही इथे राहतो" असं सांगायचं. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, भाडेकरार पुरत नाही. या नोंदणीतूनच पुढे कर-क्रमांक पोस्टाने येतो. बँकेपासून मोबाइलपर्यंत सगळे हाच कागद मागतात.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो भाबडेपणाने भरू नका. तो चर्चच्या करासाठी आहे. नोंदणीकृत चर्चचा सभासद असेल त्याच्या आयकरावर या राज्यात 8 टक्के चर्च-कर लागतो. आपल्याला लागू नाही, रकाना मोकळा सोडायचा.

थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल: दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. "आमच्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही. मी देऊन पाहिलं.

घरात स्वयंपाकघर नसतं म्हणतात, खरं का?

खोली असते. त्यात नळाचं आणि विजेचं टोक असतं. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी हे आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो, किंवा "दोन हजार युरोला ठेवून जातो" म्हणतो. छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. जाहिरातीत "आइनबाउक्युखे" हा शब्द दिसला तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं समजा आणि त्या घरासाठी धावा. भाडं दोन आकड्यांत सांगतात: "थंड" म्हणजे नुसती जागा, "उबदार" म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा वगैरे धरून. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, हा कायदा आहे.

फ्लॅटला नंबर नसतो, हे पचायला मला सगळ्यात वेळ लागला. अमेरिकेत आपण "4 बी" असतो. इथे पत्त्यात घर क्रमांक आणि आडनाव, बस. बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव लावलं नाही तर पोस्टमनच्या दृष्टीने आपण अस्तित्वातच नाही, आणि इथे सरकार, बँक, विमा सगळे पोस्टानेच बोलतात. आमची पहिली तीन पत्रं परत गेली.

मजले मात्र आपले जुनेच: तळमजला, मग पहिला. तारीख आधी, महिना नंतर. तापमान सेल्सिअसमध्ये, अंतर किलोमीटरमध्ये, कागद ए-फोर. न्यू जर्सीत जे सगळं खटपट करून पुसलं होतं, ते इथे आल्यावर आपोआप वर आलं. गोंधळली ती एडिसनला जन्मलेली मुलगी. "बाहेर तीस आहे" म्हटल्यावर ती स्वेटर घालून आली.

मिक्सर आणू का?

अमेरिकेत घेतलेला असेल तर नको. तिकडची वीज 120 व्होल्ट, इकडची 230. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर 100–240 असं छापलेलं असतं. पण मिक्सर, केस वाळवायचं यंत्र, टोस्टर, इन्स्टंट पॉट यांना नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावलात तर धूर निघेल. साडेसातशे वॉटच्या मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर वजनाने मिक्सरपेक्षा जड असतो.

उलट पुण्याचा मिक्सर इथे जसाच्या तसा चालतो, कारण भारतातली वीजही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच. फक्त तीन पिनांचा प्लग बसत नाही, तो बदलून घ्यायचा. माझ्या आईने लग्नात दिलेला मिक्सर चौदा वर्षं सदाशिव पेठेत माळ्यावर पडून होता, कारण अमेरिकेत त्याचा उपयोग नव्हता. तो आता इथल्या ओट्यावर आहे आणि पहिल्याच दिवशी शेंगदाण्याचं कूट काढून दिलंय. कुकर आणताना शेगडी कोणती आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर शोभेला ठेवावा लागेल.

केरवोखे म्हणजे काय? घरमालक त्याबद्दल फार गंभीर दिसतो.

गंभीरच असतो. हा श्वाबेन प्रांताचा, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागाचा मामला आहे. केरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. छोट्या केरवोखेत आपल्या मजल्यापुढचा जिना झाडून पुसायचा. मोठीत प्रवेशद्वार, तळघराची वाट, पदपथ, आणि हिवाळ्यात बर्फ. पाळी आली की आपल्या दाराला एक छोटी पाटी टांगलेली सापडते. काम झालं की रविवारी ती शेजारच्या दाराला लावायची. अमेरिकन माणसाला वाटतं, भाडं देतो तर हे का? काही इमारतींत पैसे देऊन माणूस लावलेला असतो, करार वाचा.

आमच्या जिन्यात हाताने लिहिलेल्या सूचना आहेत: सायकल कुठे ठेवू नये, दार कसं लावावं, कपडे धुण्याची खोली किती वाजेपर्यंत वापरावी. कोणाचं नाव न घेता कोणाला तरी उद्देशून. दुपारी एक ते तीन बऱ्याच इमारतींत शांतता पाळतात. पुण्यात वाढलेल्या माणसाला याहून जास्त काय समजावून सांगायचं?

रात्री दहा ते सकाळी सहा ड्रिल, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं बंद, आणि रविवारी दिवसभर मोठा आवाज नाही. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, पण त्याही रविवारी नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो.

रविवारी खरंच सगळं बंद असतं?

हो. रविवारची विश्रांती थेट जर्मन राज्यघटनेत आहे. 1919च्या वायमार घटनेतलं कलम तसंच उचलून आताच्या घटनेत ठेवलंय. सकाळी काही तास बेकरी, पेट्रोल पंप आणि मुख्य स्टेशनातली दुकानं एवढंच उघडं. आठवड्याच्या इतर दिवशी या राज्यात दुकानं रात्री उशिरापर्यंत चालतात. ईस्टरला जपा: शुक्रवार बंद, शनिवारी उघडं, रविवार-सोमवार पुन्हा बंद. पहिल्या ईस्टरला आम्ही चार दिवस पोहे आणि मॅगीवर काढले.

दुकानात ट्रॉलीसाठी एक युरोचं नाणं खिशात असू द्या. पिशव्या भरून देणारा मुलगा नसतो. कॅशियर बाई ज्या वेगाने सामान सरकवते त्या वेगाने आपण उचलायचं असतं, आणि मागची रांग आपल्या दोन हातांकडे बघत असते. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालून चिठ्ठी घ्यायची. आमच्या मुलीचा पॉकेटमनी यातूनच निघतो.

आपला स्वयंपाक जमतो का?

अमेरिकेपेक्षा काही गोष्टी अवघड, काही फार सोप्या. एडिसनसारखी सलग भारतीय दुकानांची रांग विसरा. डाळी, पोहे, कणीक भारतीय दुकानात मिळतात, महाग पडतात. जर्मन पिठावर आकडे असतात, 405, 550, 1050. आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश जास्त. 405 म्हणजे आपला मैदा. संपूर्ण गव्हाचं पीठ इथे भरड मिळतं, त्याची पोळी चिरते. मी 1050 आणि 405 मिसळून पाहिलं. चालतं, पण कणकेची सर नाही.

भेंडी तुर्की दुकानात "बाम्या" नावाने. मेथीची जुडी तिथेच कधीतरी. अंडी फ्रिजबाहेर ठेवलेली दिसतील. अमेरिकेत ती धुऊन विकतात म्हणून थंड ठेवावी लागतात, इथे न धुता विकतात, त्यामुळे वरचं नैसर्गिक आवरण शाबूत असतं. घाबरू नका.

आता सुखाची गोष्ट. न्यू जर्सीत श्रीखंडासाठी मी ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगायचे. इथे क्वार्क मिळतो, अर्धा किलोच्या डब्यात, कुठल्याही दुकानात, स्वस्त. जवळजवळ तयार चक्काच. 40 टक्क्यांवाला घ्या, बिनस्निग्धांशाचा नको, तो करकरीत लागतो. तासभर गाळून घेतला, साखर आणि केशर घातलं की पुढच्या दहा मिनिटांत पाडव्याचं श्रीखंड. शेजारच्या जर्मन आजींना वाटी दिली. त्या म्हणाल्या, "क्वार्क आम्ही उकडलेल्या बटाट्याबरोबर खातो." आपापलं नशीब.

आंबट सायीचं लोणी मिळतं, त्याचं तूप कढवताना घर आजीच्या स्वयंपाकघरासारखं दरवळतं. ताकाच्या जागी बुटरमिल्श.

जर्मन भाषेशिवाय निभतं का?

ऑफिसात निभेल. जिन्यात, शाळेत, डॉक्टरकडे, सरकारी खिडकीवर नाही. पण आपण स्वतःला उगाच इंग्रजीतून जर्मन शिकवतो. मीही आधी तेच केलं, आणि सहा महिने वाया घालवले. अमेरिकन सहाध्यायी वर्गात "झी" आणि "डू" यावर रडायचे, कोणाला कधी काय म्हणायचं. मला त्यात काहीच नवं नव्हतं. झी म्हणजे तुम्ही, डू म्हणजे तू. दुकानदाराला, शेजाऱ्यांना, शिक्षिकेला तुम्ही. "आता तू म्हण" हे मोठ्याने म्हणायचं असतं, लहानाने आपणहून अरे-तुरे करायचं नाही.

मग तीन लिंगं. इंग्रजीवाल्यांना हा जुलूम वाटतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेच. घर, पाणी, पुस्तक, मूल, हृदय मराठीत नपुंसकलिंगी, आणि जर्मनमध्येही. चंद्र आणि दिवस दोन्हीकडे पुल्लिंगी. रात्र आणि भाषा दोन्हीकडे स्त्रीलिंगी. सगळीकडे जुळत नाही हो. सूर्य इथे बाई आहे आणि टेबल पुरुष. पण "कशाला असतं हे लिंग?" हा प्रश्नच आपल्याला पडत नाही, यातच अर्धी लढाई जिंकली.

आकड्यांचंही तेच. जर्मन चोवीसला "चार-आणि-वीस" म्हणतात. इंग्रजीत वाढलेला माणूस फोन नंबर लिहून घेताना हमखास उलटे लिहितो. आपण शाळेत चोवीस, पंचवीस, सव्वीस म्हणताना एककच आधी म्हणत होतो की. आणि वेळ: "हाल्ब आख्ट" म्हणजे शब्दशः अर्धे आठ, म्हणजे साडेसात. इथे मीही एकदा तासभर उशिरा पोचले, कारण अर्धे आठ ऐकून साडेआठ समजले. पण श्वाबेनमधले लोक पावणेआठला "पाऊण आठ" म्हणतात. पावणेआठ म्हणणाऱ्याला येणाऱ्या तासाचं नाव आधी घ्यायची सवय असतेच.

पुण्यात असाल तर निघण्याआधी मॅक्समुल्लर भवनात एक सत्र करून या. अमेरिकेतल्या ॲपवर शिकण्यापेक्षा ते बरं.

अमेरिकन लायसन्स चालतं का?

सहा महिने चालतं. पुढे ते कुठल्या राज्याचं आहे त्यावर अवलंबून. टेक्सास, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांचं नुसतं बदलून मिळतं. फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना यांच्यासाठी लेखी परीक्षा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि आमचं न्यू जर्सी: लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. एडिसनहून डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात घर घेतलं असतं तर हजार-दीड हजार युरो वाचले असते, असं नवरा अजून म्हणतो.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम वीस वर्षं गाडी चालवलेल्यालाही नापास करतो. लाल दिव्यावर उजवीकडे वळायचं नाही, हिरव्या बाणाची पाटी असल्याशिवाय. खरं सांगू? आम्ही दुसरी गाडी घेतलीच नाही. जानेवारी 2026पासून महिन्याला 63 युरोच्या पासवर देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस चालतात.

आजारी पडलं तर?

बिलाची भीती मनातून काढायला वर्ष लागतं. सरकारी विम्याचा हप्ता पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडा जादा. अर्धा कंपनी भरते. मुलं फुकट. औषधाच्या चिठ्ठीवर 5 ते 10 युरो, रुग्णालयात दिवसाला 10 युरो. पण औषधांच्या बाबतीत अमेरिकेची सवय सोडा. साधी इबुप्रोफेनसुद्धा फक्त औषधाच्या दुकानात, बहुधा वीस गोळ्यांच्या पाकिटात. पाचशे गोळ्यांची बरणी हे इथे विनोदाचं उदाहरण आहे. सर्दीला डॉक्टर झोप आणि चहा लिहून देतात. तातडीचं असेल तर 112, रात्री-बेरात्री डॉक्टर हवा पण जीवघेणं नसेल तर 116117.

कामाच्या ठिकाणी काय वेगळं आहे?

सुट्टी. कायद्याने वर्षाला किमान चार आठवडे, आणि इथल्या धातू-वाहन उद्योगात करारानुसार सहा. अमेरिकेत पगारी रजेचा राष्ट्रीय कायदाच नाही, त्यामुळे नवा माणूस सुट्टीत ईमेल तपासतो. सहकाऱ्यांना ते मेहनतीचं नाही, वाईट नियोजनाचं लक्षण वाटतं. सुट्टीत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असला तर ते दिवस परत मिळतात. हे ऐकून न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीने फोनच ठेवला.

अमेरिकेत कर भरावा लागतो का अजून?

पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड आहे तोवर दरवर्षी विवरणपत्र भरायचं, कुठेही राहा. जर्मनीत भरलेल्या कराची वजावट मिळते आणि इथला कर जास्त असल्याने अमेरिकेला देणं बहुधा शून्यावर येतं, पण भरणं चुकत नाही. परदेशात राहणाऱ्यांना 15 जूनपर्यंत आपोआप मुदत असते.

खरा सापळा दुसरा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. यात जर्मन पगाराचं खातं आलं, आणि पुण्यात बाबांनी आपलं नाव जोडलेलं संयुक्त खातंही आलं. म्युच्युअल फंड, भारतातला असो की युरोपातला, अमेरिकेच्या करखात्याला खपत नाही. त्याचा फॉर्म आणि कर दोन्ही डोकेदुखी. इथला बँकवाला प्रेमाने फंड सुचवेल. नाही म्हणा, आणि हे प्रकरण माहीत असलेला सल्लागार गाठा.

अमेरिकेचा फोन नंबर सोडू नका. तिकडच्या बँका त्याच नंबरावर कोड पाठवतात.

मुलांचं कसं?

नव्या मुलांसाठी भाषेचे तयारी-वर्ग असतात. चौथीनंतर शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, तो ताण खरा आहे. घरी शिकवायची परवानगी नाही. सगळ्यात मोठा बदल म्हणजे मुलं एकटी चालत शाळेत जातात. पहिल्या आठवड्यात मी चार पावलं मागून लपत गेले, वर्गशिक्षिकेने हसून घरी पाठवलं. चौथीत पोलीस येऊन सायकल चालवण्याची परीक्षा घेतात. मुलगी पास झाली, तिच्या वडिलांच्या आधी.

उन्हाळ्यात एसी?

नाही. पहाटे खिडक्या उघडायच्या, दिवसा बाहेरचे पडदे पाडून अंधार करायचा. हिवाळ्यातही दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि दोष भाडेकरूवर येतो. कपडे दोरीवर वाळतात, मशीन दोन तास चालतं.

हॉटेलात पाणी मागितलं तर?

विकतचं येतं, बहुधा बुडबुड्यांचं. बर्फ नाही. टिप म्हणजे बिल वरच्या आकड्यावर नेणं, आणि ते पैसे देतानाच तोंडाने सांगायचं.

दिवाळीला फटाके?

फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला परवानगी. पणत्या आणि आकाशकंदील लावा. कंदील बघून शेजाऱ्यांना नोव्हेंबरातली सेंट मार्टिनची मिरवणूक आठवते, त्यात त्यांची मुलं कागदी कंदीलच घेऊन फिरतात.

येताना काय आणू?

मापाचे कप, कारण इथे सगळं ग्रॅममध्ये आणि तुमच्या पाककृती कपात. कागदपत्रांच्या मूळ प्रती, विशेषतः जन्म आणि लग्नाचे दाखले, अमेरिकेत काढलेले असतील तर अपोस्टीलसकट, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्यासकट. गोडा मसाला. तूप, पेढे, बर्फी सामानात ठेवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. सासूबाईंनी दिलेले पेढे आम्ही फ्रँकफर्टला उतरण्याआधी अख्ख्या रांगेत वाटले.